खवट कूट, करडईचं तेल आणि ती हिरवी गोळी

मेडिकलच्या काउंटरवर दहा मिनिटं उभं राहिलं तर एक गिऱ्हाईक हमखास येतं. "ती हिरवी गोळी द्या ना, चेहऱ्याला लावायची." दुकानदार नाव विचारत नाही, चिठ्ठी मागत नाही. मागच्या खणातून पट्टी काढतो आणि कात्रीनं हव्या तेवढ्या गोळ्या कापून देतो. पोटात घ्यायचं औषध तोंडाला फासण्यासाठी इतकं सर्रास विकलं जातं, याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

माझ्या भाचीनंही तेच केलं. पोळ्या करताना तव्याची कड मनगटाला लागली, बोटभर लांबीचा डाग राहिला. तीन आठवडे रोज रात्री टाचणीनं कॅप्सूलला भोक पाडून तिनं आतला चिकट पिवळा ऐवज डागावर चोळला. डाग होता तिथेच राहिला, वर भोवती बारीक पुरळ उठली आणि खाज सुटली ती वेगळीच. "मावशी, पण ई व्हिटॅमिन तर चांगलं असतं ना गं?" असं तिनं विचारलं तेव्हा मी शेंगदाण्याच्या कुटाचा डबा उघडून हुंगत होते. कूट खवट झालं होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या डब्यातच होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

शेंगदाणा सालासकट अख्खा ठेवला तर महिनोन् महिने टिकतो. भाजून कूट केलं की उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांतच त्याला वास मारायला लागतो. जुन्या रंगाच्या डब्यासारखा, घशात खरखरणारा. आपण त्याला खवट म्हणतो. हे कुजणं नव्हे, बुरशीही नव्हे. दाण्यातल्या तेलावर हवेतल्या प्राणवायूनं केलेली ही करामत. तेलाचे रेणू म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. त्यात काही ठिकाणी दुहेरी बंध असतात आणि त्यांच्या शेजारचा हायड्रोजन जरा सैल धरलेला असतो. प्रकाश, उष्णता किंवा लोखंडाचा अंश यांच्या धक्क्यानं एखाद्या रेणूचा तो हायड्रोजन निसटला, की तो रेणू बेभान होतो. प्राणवायू पकडतो आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो. मग शेजारी बेभान, तो पुढच्याचा ओढतो.

देवळाबाहेर हे आपण पाहिलेलं आहे. एकाच्या चपला चोरीला जातात. तो इकडेतिकडे बघतो आणि दुसऱ्याच्या घालून निघून जातो. दुसरा बाहेर येतो, आपल्या जागेवर काही नाही, मग तो तिसऱ्याच्या घालतो. चोर एकच होता, पण संध्याकाळपर्यंत पन्नास जणांच्या चपला बदललेल्या असतात. हे थांबणार कधी? रांगेत असा एखादा माणूस भेटला, जो म्हणेल की घ्या बाबा माझ्या, मी जातो अनवाणी, आणि खरोखरच कुणाच्याही चपलेला हात न लावता घरी जाईल, तेव्हा.

ई जीवनसत्त्व म्हणजे तो माणूस. आपला हायड्रोजन बेभान रेणूला देऊन टाकायचा आणि स्वतः अनवाणी राहूनही दुसऱ्यावर तुटून पडायचं नाही, हे त्याला जमतं, कारण त्याच्या डोक्याकडच्या कड्यात तो तोल सांभाळून घेण्याची सोय आहे. शिवाय शरीरात क जीवनसत्त्व त्याला पुन्हा चपला आणून देतं, म्हणजे तो परत रांगेत उभा. दोघांची जोडी अशी की ई राहतं तेलात, क राहतं पाण्यात, आणि पेशीच्या पातळ भिंतीच्या काठावर त्यांची देवाणघेवाण होते. पेशीची ती भिंत चरबीचीच असते. कुटात घडतं ते तिथेही घडू शकतं, आणि ते घडू न देणं हे ई चं आपल्या शरीरातलं मुख्य काम.

हे जीवनसत्त्व आपल्यासाठी घडलेलं नाही, हेही लक्षात घ्यावं. प्राणी ते बनवू शकत नाहीत, वनस्पती बनवतात आणि स्वतःसाठी बनवतात. बीमध्ये तेल साठवून ठेवायचं, पाऊस येईपर्यंत महिनोन् महिने थांबायचं, तोवर ते तेल खवटू द्यायचं नाही, याची ती तजवीज. म्हणूनच ज्या बियांचं तेल लवकर बिघडण्यासारखं असतं त्यांच्यात ते भरपूर सापडतं. करडई आणि सूर्यफूल घ्या. त्यांच्या तेलात दुहेरी बंधांची रेलचेल. शंभर ग्रॅम करडई तेलात सुमारे ३४ मिलिग्रॅम, सूर्यफुलाच्या तेलात सुमारे ४१ मिलिग्रॅम ई असतं. याउलट खोबरेल. त्यात दुहेरी बंध जवळजवळ नाहीतच, खवटायची भीती कमी, आणि ई पण नावापुरतंच. केसांसाठी "ई युक्त खोबरेल" म्हणून जे विकलं जातं त्यातलं ई नारळाचं नसतं, वरून घातलेलं असतं.

शोध लागला तो मात्र वेगळ्याच वाटेनं. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप हे दोघं उंदरांना डुकराच्या चरबीवर आधारलेला ठरावीक आहार देत होते. तेव्हा माहीत असलेली सगळी जीवनसत्त्वं त्यात होती. उंदीर धडधाकट दिसत, माद्या गाभण राहत, पण गर्भ पोटातच विरून जात. लेट्यूसची पानं खायला घातली की पिल्लं सुखरूप जन्मत. गव्हाच्या अंकुरानंही तोच गुण यायचा. हे १९२२ मध्ये प्रसिद्ध झालं. अ, ब, क, ड ही नावं आधीच गेलेली, म्हणून पुढचं अक्षर मिळालं. (मराठीत सी चं 'क' झालं, डी चं 'ड' झालं, पण ई बिचारं 'ई'च राहिलं. त्यात के जीवनसत्त्व आल्यावर 'क' आणि 'के' यांचा जो घोळ झाला तो शाळेत आपण सगळ्यांनी भोगलेला आहे.) १९३६ मध्ये इव्हान्स आणि एमर्सन दांपत्यानं गव्हांकुराच्या तेलातून ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. ग्रीकच्या एका प्राध्यापकानं नाव सुचवलं टोकोफेरॉल. टोकोस म्हणजे प्रसूती, फेरेन म्हणजे वाहून नेणं, आणि शेवटचं 'ऑल' रसायनशास्त्राच्या शिरस्त्याप्रमाणे.

त्या नावामुळे झालेला एक गैरसमज अजून फिटलेला नाही. मूल होण्यासाठी ई घ्यावं असं आजही कानावर येतं. उंदरांमध्ये जे दिसलं ते आहारातून ई पूर्ण काढून टाकल्यावर दिसलं. जेवणात पुरेसं ई असलेल्या बाईला आणखी दिलं म्हणून गर्भ राहतो, याला भक्कम आधार नाही. गोठ्यात मात्र ते नाव थोडंफार सार्थ ठरतं. गाय व्यायल्यावर वार वेळेवर पडत नाही, ही पशुपालकांची नेहमीची डोकेदुखी. सुक्या चाऱ्यावरच्या गाभण जनावराला विण्याआधी ई आणि सेलेनियमचं इंजेक्शन देण्याची पद्धत जनावरांच्या डॉक्टरांना चांगली ठाऊक आहे. हिरव्या चाऱ्यात ई असतं, वाळलेल्या कडब्यात ते फारसं उरत नाही. जगात कारखान्यांतून जे ई तयार होतं त्यातलाही मोठा वाटा पशुखाद्यात जातो, आपल्या चेहऱ्यांवर नव्हे.

आता प्रकारांकडे येऊ. इथे जरा नेट लावून वाचावं लागेल, पण पट्टीवरची बारीक अक्षरं कळायची तर दुसरा इलाज नाही.

निसर्गात ई चे आठ भाऊ आहेत. चार टोकोफेरॉल, चार टोकोट्रायेनॉल. प्रत्येक चौकडीत अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. सगळ्यांचं डोकं साधारण सारखं, शेपूट लांब. टोकोफेरॉलची शेपटी साधी असते, टोकोट्रायेनॉलच्या शेपटीत तीन दुहेरी बंध असतात. बाटलीतलं तेल वाचवण्याचं काम आठही जण करतात. गॅमा आणि डेल्टा तर त्या कामात चांगलेच तरबेज. पण आपल्या यकृतात एक प्रथिन दाराशी बसलेलं असतं. आतड्यातून आलेले सगळे भाऊ त्याच्यासमोर येतात आणि ते अल्फा टोकोफेरॉलचा हात धरून त्याला पुन्हा रक्तात पाठवतं. बाकीचे बऱ्याच प्रमाणात मोडीत निघतात आणि बाहेर टाकले जातात. म्हणून माणसाची गरज मोजताना फक्त अल्फा धरतात.

याचा स्वयंपाकघरातला अर्थ असा की पाकिटावर नुसतं "ई भरपूर" लिहिलेलं पुरत नाही. सोयाबीन, तीळ आणि जवस यांच्या तेलात टोकोफेरॉल पुष्कळ, पण बहुतांश गॅमा. करडई, सूर्यफूल आणि बदाम यांच्यात प्रामुख्यानं अल्फा. शेंगदाण्यात दोन्ही. तांदळाच्या कोंड्याच्या तेलात आणि पाम तेलात टोकोट्रायेनॉल असतात. त्यांच्या महागड्या कॅप्सूल हल्ली मोठमोठे दावे करत विकल्या जातात. ते दावे ऐकताना दाराशी बसलेलं ते प्रथिन आठवावं.

मग नैसर्गिक आणि कृत्रिम यांचा भेद. अल्फा टोकोफेरॉलच्या रेणूत तीन सांधे असे आहेत की प्रत्येक सांधा डावीकडे किंवा उजवीकडे वळू शकतो. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ आकार. झाड यातला एकच आकार बनवतं. कारखान्यात रेणू जोडला की आठही आकारांची सरमिसळ होते. यकृतातलं प्रथिन पहिला सांधा बघतं, तो बरोबर असेल तरच पुढे सोडतं. आठांतले चार जातात, चार राहतात. लेबलवर नैसर्गिक असेल तर 'डी-अल्फा' आणि कृत्रिम असेल तर 'डीएल-अल्फा' लिहितात. फरक त्या एका 'एल'चा, पण त्यानं निम्मा माल बाद होतो. गंमत म्हणजे "नैसर्गिक" ई चीही बहुतेक वेळा कारखान्यातच बरीच मशागत झालेली असते. तेल रिफाइंड करताना वास घालवण्यासाठी त्यातून खूप तापलेली वाफ सोडतात. त्या वाफेबरोबर टोकोफेरॉलचा काही भाग उडून येतो. हा उरलासुरला गाळ गोळा करून त्यातून ई काढतात आणि सोयाबीनचं असेल तर गॅमाचं अल्फात रूपांतर करून घेतात. म्हणजे आपण रिफाइंड तेल घेतो, त्यातलं थोडं ई आधी काढलं जातं, आणि तेच पुढे कॅप्सूलमधून वेगळ्या दामानं परत येतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. पट्टी उलटी करून वाचा. "टोकोफेरॉल" असं सहसा नसतं, "टोकोफेरिल ॲसिटेट" असतं. टोकोफेरॉल उघडं ठेवलं तर ते हवेशीच झगडून संपून जातं, दुकानात टिकायचं नाही. म्हणून त्याच्या ज्या टोकाशी तो दानशूर हायड्रोजन असतो, त्या टोकाला ॲसिटेटचं झाकण बसवतात. देवळाबाहेरच्या माणसाच्या चपला प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद. खराब होणार नाहीत, पण कुणाला देताही येणार नाहीत. गोळी पोटात गेली की आतड्यातली पाचकद्रव्यं ते सील फोडतात आणि मोकळं टोकोफेरॉल रक्तात जातं. पोटासाठी ही रचना झकास आहे.

कातडीवर मात्र ते सील फोडणारी यंत्रणा फार तुटपुंजी. थोडंसं फुटतं, हळूहळू फुटतं, बाकीचं नुसतंच पसरून राहतं. घरी केलेल्या तेलात कॅप्सूल पिळून "म्हणजे ते खवट होत नाही" असं म्हणतात, तिथे तर यंत्रणा अजिबातच नाही. बाटलीत आतड्यातली पाचकद्रव्यं कुठून येणार? ॲसिटेट त्या तेलात ढिम्म बसून राहतं आणि तेल आपल्या वेळेला खवटतं. फरसाणाच्या किंवा तेलाच्या पाकिटावर आयएनएस ३०६ किंवा ३०७ असे, खाद्यपदार्थांत घातलेल्या द्रव्यांचे, आकडे दिसले तर ते टोकोफेरॉलच, मोकळं, खरोखर राखण करणारं. आपल्याकडे रिफाइंड तेलावर जास्त करून ३१९ दिसतं. तो टीबीएचक्यू नावाचा कृत्रिम पदार्थ, काम तेच.

मग चेहऱ्याला लावून मऊ वाटतं ते काय? ते खोटं नाही. मधासारखा घट्ट तेलकट थर दिला की त्वचेतलं पाणी उडत नाही, सकाळी गाल मऊ लागतो. साधं पेट्रोलियम जेलीही तेच करतं, पुरळ उठवण्याचा धोका फार कमी आणि किंमतही किरकोळ. शिवाय आपल्या चेहऱ्याच्या तेलग्रंथी स्वतःच ई घेऊन येतात. कपाळावर दुपारी जो तेलकटपणा येतो त्यात ते असतंच. व्रणांबाबत अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठात एक छोटा पण नेटका प्रयोग झाला. शस्त्रक्रिया झालेल्या पंधरा जणांनी व्रणाच्या एका भागाला साधं मलम लावलं आणि दुसऱ्या भागाला तेच मलम ई घालून. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले. दहापैकी नऊ प्रकरणांत ई नं एकतर काही फरक पडला नाही किंवा व्रण आणखी वाईट दिसला, आणि सुमारे एक तृतीयांश लोकांना त्या जागी पुरळ उठली. पंधरा हा आकडा लहान आहे हे मान्य. पण भाचीच्या मनगटाकडे बघून मला त्याची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. क आणि ई फेरुलिक आम्लासोबत मोजूनमापून एकत्र केलेल्या सीरमची गोष्ट वेगळी. उन्हापासून होणारी हानी त्यानं कमी होते असं प्रयोगात दिसलं आहे. ते टाचणीच्या भोकातून निघत नाही.

ॲसिटेट चुकीच्या जागी गेलं तर काय होतं याचा भीषण नमुना २०१९ मध्ये अमेरिकेत दिसला. धडधाकट तरुण माणसं धाप लागून, फुप्फुसं निकामी होत दवाखान्यात भरती व्हायला लागली. बहुतेक जण गांजातलं द्रव्य असलेली ई-सिगारेट ओढणारे. काळ्या बाजारातले विक्रेते तो अर्क घट्ट दिसावा म्हणून त्यात टोकोफेरिल ॲसिटेट मिसळत होते. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसांतल्या द्रवात ते सापडलं. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. पोटात निरुपद्रवी असलेला तोच रेणू, श्वासावाटे गेला तर जीव घेऊ शकतो.

आता हिशेब. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं दिवसाला साडेसात ते दहा मिलिग्रॅम असा अंदाज धरला आहे. मुळात त्यांचं सूत्र तेलाशी जोडलेलं आहे: आहारातल्या दर ग्रॅम अत्यावश्यक स्निग्धाम्लामागे ०.८ मिलिग्रॅम. खवटण्यासारखं तेल जितकं जास्त खाल तितके राखणदार जास्त लागतील, हा त्याचा साधा अर्थ. अमेरिकेतला आकडा १५ मिलिग्रॅम आहे. चार छोटे चमचे, म्हणजे वीस ग्रॅम करडई तेल पोटात गेलं तर जवळजवळ सात मिलिग्रॅम आलं. मूठभर म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यातून अडीच. दहा बदामांतून तीन. पालकाच्या वाटीभर भाजीतून दोन-तीन. बदाम भिजवा, नका भिजवू, साल काढा किंवा राहू द्या. ई दाण्यातल्या तेलात आहे, सालीत नाही. साबुदाण्याच्या खिचडीत आणि भरल्या वांग्यात आपण कूट घालतो तेव्हा चवीबरोबर हेही घालत असतो. फोडणीपुरतं तेल तापवलं तर फार बिघडत नाही. त्याच तेलात चार वेळा वडे तळले की राखणदार खर्ची पडलेले असतात.

याच्यासमोर ती पट्टी ठेवा. ४०० मिलिग्रॅम कृत्रिम टोकोफेरिल ॲसिटेट म्हणजे ४०० युनिट (जीवनसत्त्वं मोजायचं आंतरराष्ट्रीय माप), आणि त्यातून शरीराच्या हिशेबात धरण्यासारखं अल्फा १८० मिलिग्रॅम. आपल्या परिषदेनं धरलेल्या दिवसाच्या गरजेच्या अठरापट किंवा त्याहून अधिक. ही गोळी कमतरता भरून काढायला आहाराला दिलेली जोड नव्हे, ते औषध आहे, आणि औषधाच्याच नजरेनं तिच्याकडे बघायला हवं.

गेल्या शतकाच्या शेवटी याच गोळीवर जगानं फार भिस्त ठेवली होती. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या पाहण्यांत दिसलं की ई च्या गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो. तर्कही चपखल बसत होता: रक्तातलं कोलेस्टेरॉल खवटतं, धमन्यांत साचतं, ई खवटू देत नाही. अडचण एवढीच की जो माणूस स्वतःहून रोज जीवनसत्त्व घेतो तो बहुधा फिरायलाही जातो आणि सिगारेटही ओढत नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून खरी चाचणी केली तेव्हा चित्र पालटलं. २००० मध्ये होप या चाचणीत साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना साडेचार वर्षं रोज ४०० युनिट दिले. हृदयाला काही फायदा नाही. मग सिलेक्ट नावाची चाचणी, ३५,५३३ पुरुष, प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का हे बघण्यासाठी. २०११ मध्ये कळलं की ई घेणाऱ्यांत तो कर्करोग १७ टक्के जास्त झाला. टळायचा राहिला बाजूला. अल्फाचा मारा केला की रक्तातलं गॅमा घटतं, हे नक्की माहीत आहे. एकाच भावाला भरवलं की दुसरे उपाशी.

तरी काही जागा अशा आहेत जिथे डॉक्टर विचारपूर्वक ते लिहून देतात. मधुमेह नसलेल्या, पण यकृतात चरबी साचून सूज आलेल्या माणसांना ९६ आठवडे रोज ८०० युनिट नैसर्गिक ई दिल्यावर ४३ टक्के जणांच्या यकृताची तपासणी सुधारलेली दिसली; नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हा आकडा १९ होता. दृष्टिपटलाच्या मध्याची झीज एका टप्प्यावर पोचलेल्या वृद्धांना क, जस्त आणि तांब्याबरोबर ते देतात. पोटरीत गोळे येतात, पाळीआधी छाती दुखते म्हणून आपल्याकडे ते सढळ हातानं लिहिलं जातं. तिथला आधार कच्चा आहे.

खरी कमतरता जेवणातून क्वचितच होते. ती होते पित्ताची वाट अडलेल्या बाळांना, आतड्याचा मोठा भाग काढलेल्यांना, चरबी पचतच नाही अशा आजारांत, कारण ई चरबीच्या पाठीवर बसूनच आत शिरतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तांबड्या पेशी फुटायला लागतात. आणि एक अगदी दुर्मीळ आजार आहे, ज्यात यकृतातलं ते दाराशी बसलेलं प्रथिनच जन्मतः बिघडलेलं असतं. मूल सगळं नीट खातं, ई आत येतं आणि तसंच निघून जातं. दहा-पंधरा वर्षांचं होताना त्याचा तोल जायला लागतो, अंधारात पाय कुठे पडतोय ते कळत नाही, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. वेळीच रक्त तपासलं आणि मोठ्या मात्रेत ई सुरू केलं तर पुढची हानी थांबते. ज्या गोळीची आपण फेसपॅकमध्ये उधळण करतो, ती इथे आयुष्यभर रोज लागते.

उलट बाजूही आहे. ई च्या मोठ्या मात्रा रक्त गोठण्याच्या कामात लुडबुड करतात, के जीवनसत्त्वाच्या आड येतात. घरात कुणाला वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रोजची ॲस्पिरिन अशी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर "व्हिटॅमिनच तर आहे" म्हणून ती पट्टी त्यांच्या डब्यात सरकवू नये. ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. शाकाहारी मंडळींनी हेही बघावं की अशा मऊ कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. उपासाच्या दिवशी चेहऱ्याला चालतं का, हा प्रश्न मला एकदा विचारला गेला होता. मी उत्तर दिलं नाही.

भाचीला मी दोनच गोष्टी सांगितल्या. डागाला ऊन लागू देऊ नकोस, आणि साधं पेट्रोलियम जेली लाव. कुटाचा डबा रिकामा केला. आता दाणे भाजून ठेवत नाही, कच्चे ठेवते आणि आठवड्याचं कूट करून फ्रिजमध्ये टाकते. घाण्यावरचं करडईचं तेल पाच लिटरच्या पारदर्शक कॅनमध्ये आणून गॅसच्या बाजूला उभं करायची सवय होती, तीही मोडली. आता लिटरभरच आणते, स्टीलच्या बरणीत ओतते, झाकण घट्ट लावते आणि शेगडीपासून लांब, खालच्या फडताळात ठेवते. उन्हाळ्यात महिन्यात संपवते. घाणेवाला विचारतो, इतकं थोडं का नेता? त्याला चपलांची गोष्ट सांगायला अजून सवड मिळालेली नाही.